सेव्हन सिस्टर्सची दोन दिवसांची गट-भटकंती: आखणीचा क्रम, वाट आणि नेहमीच्या चुका

इंग्लंडात राहणाऱ्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उन्हाळा लागला की कुणीतरी सेव्हन सिस्टर्सचा, म्हणजे समुद्रकाठच्या पांढऱ्या कड्यांच्या रांगेचा फोटो टाकतं. खाली धडाधड अंगठे पडतात आणि तासाभरात हॉटेल बुक होतं. चूक इथेच होते. राहण्याची जागा आधी ठरली की वाट, बस, भरती-ओहोटी आणि सगळ्यात हळू चालणारा माणूस, सगळं त्या हॉटेलच्या सोयीने वाकवावं लागतं. मग दुपारी चारला निम्मा गट बर्लिंग गॅप या वाटेतल्या थांब्यावरच्या कॅफेत बसलेला, निम्मा अजून मागच्या टेकडीवर आणि शेवटची बस कधीची हे कुणालाच माहीत नाही, असा प्रकार होतो.

खालचा क्रम ससेक्समधल्या सीफर्ड ते ईस्टबर्न या किनारवाटेसाठी आहे. लंडनहून गाडी न काढता जाता येतं आणि वाटेत बाहेर पडायला जागा आहेत, म्हणून पहिल्या गट-भटकंतीसाठी मी हीच वाट सुचवतो. पायऱ्या दिल्या आहेत त्याच क्रमाने करा.

## १. आधी माणसं मोजा, मग वाट कापा

सीफर्ड स्टेशन ते ईस्टबर्न स्टेशन अंतर साधारण २१ ते २२ किलोमीटर. सह्याद्रीत फिरलेली मंडळी उंची बघून हसतात. सगळ्यात उंच बीची हेडचा कडा, तोही जेमतेम १६२ मीटर. सिंहगड चढणाऱ्याला त्याचं काय? पण इथे एकच मोठा चढ नसतो. चढायचं, लगेच उतरायचं, पुन्हा चढायचं, असं चालू राहतं आणि दिवसभराच्या चढांची बेरीज पाचशे मीटरच्या पुढे जाते. वर समोरून वारा आला तर बोलणंही बंद होतं.

वेळेचा हिशेब करायला नेस्मिथचा जुना नियम आहे: सपाटीवर ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त. हा नियम न थांबता चालणाऱ्या तरबेज माणसाचा. दहा-बारा जणांच्या गटाला फोटो, बुटाची नाडी, पाणी, ‘अरे थांबा, काका मागे राहिले’ हे सगळं धरून ताशी ३ किलोमीटर मोजा. म्हणजे पूर्ण वाट सात-साडेसात तासांची, आणि जेवण वेगळं.

एवढं एका दिवसात कोंबू नका. असे तुकडे पाडा:

- शनिवार: सीफर्ड ते बर्लिंग गॅप, १३ ते १४ किलोमीटर. तिथून ईस्ट डीन गावापर्यंत आणखी दीड-दोन किलोमीटर, मग बसने ईस्टबर्न.
- रविवार: बसने ईस्ट डीन, तिथून बर्लिंग गॅप आणि बीची हेडवरून चालत ईस्टबर्न, ९ ते १० किलोमीटर.

अवघड भाग ताज्या पायांनी होतो, आणि रविवारी दुपारी गाडीच्या स्टेशनावरच चालणं संपतं. दिशाही मुद्दाम पश्चिमेकडून पूर्वेकडे ठेवली आहे. या किनाऱ्यावर वारा बहुधा नैऋत्येचा असतो, त्यामुळे तो पाठीवर राहतो.

भारतातून आलेले आईबाबा किंवा लहान मुलं असतील तर त्यांना ‘जमेल तेवढं चला’ असं सांगून कड्यावर नेऊ नका. त्यांच्यासाठी एक्सीट या थांब्यापासून ककमियर नदीच्या काठाने समुद्रापर्यंत जाणारी, जवळपास सपाट, दोन किलोमीटरच्या आसपासची वाट आहे. ती मंडळी बसने थेट एक्सीटला येतात, सगळे तिथे एकत्र जेवतात, आणि कड्यावर जाणारे पुढे जातात. हे आधी ठरवलं तर कुणाला वाईट वाटत नाही. ऐनवेळी ठरवलं तर हमखास वाटतं.

तपासा: गटात बारापेक्षा जास्त जण आहेत? दोन गट करा आणि प्रत्येकाला वेगळा म्होरक्या द्या. वीस जणांची रांग कड्यावर सांभाळता येत नाही, आणि पुढे बसमध्येही मावत नाही.

## २. तारीख: उजेड, भरती आणि रेल्वेची दुरुस्ती

तारीख ठरवताना सुट्टी बघण्याआधी तीन गोष्टी बघा.

उजेड. जूनमध्ये रात्री नऊनंतरही दिसतं, डिसेंबरअखेर चारच्या सुमारास सूर्य बुडतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. तो शनिवार-रविवार निवडलात तर रविवारची संध्याकाळ तासभर आधी येते, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही.

भरती-ओहोटी. कड्यावरून चालताना तिचा संबंध नाही, पण ककमियर हेवन (ककमियर नदीचं मुख) आणि बर्लिंग गॅपला लोक किनाऱ्यावर उतरतातच. जवळचं बंदर न्यूहेवन. तिथलं भरतीचं वेळापत्रक काढून ठेवा. काही वेळापत्रकं वर्षभर ग्रिनिच वेळेतच छापलेली असतात. उन्हाळ्यात त्यांत एक तास मिळवावा लागतो. ही एक तासाची चूक किनाऱ्यावर महागात पडते.

रेल्वे. इंग्लंडात रुळांची कामं मुख्यतः रविवारी काढतात. नॅशनल रेलच्या वेळापत्रकात त्या ठराविक रविवारची परतीची गाडी टाकून बघा. गाडीऐवजी बस दाखवत असेल तर दुसरा आठवडा घ्या.

## ३. तिकिटं आणि मुक्काम

जाताना लंडन व्हिक्टोरियाहून लुइस, तिथे गाडी बदलून सीफर्ड. येताना ईस्टबर्नहून व्हिक्टोरियाची थेट गाडी, साधारण दीड तास.

तीन ते नऊ प्रौढ एकत्र प्रवास करत असतील तर ग्रुपसेव्ह या रेल्वेच्या गट-सवलतीत गर्दीची वेळ सोडून एक तृतीयांश सवलत मिळते. अट एकच, सगळ्यांनी एकत्र प्रवास करायचा. एकजण क्लॅपहॅम जंक्शनला चढणार, दुसरा ईस्ट क्रॉयडनला, असं चालत नाही. बारा जण असाल तर सहा-सहाची दोन तिकिटं काढा. जाण्याचं आणि येण्याचं स्टेशन वेगळं आहे, हे विसरून सीफर्डचं परतीचं तिकीट काढणारेही भेटतात.

मुक्काम ईस्टबर्नलाच करा. बसचा शेवटचा थांबा तिथे, रविवारची गाडी तिथून, आणि जेवणाला पर्याय भरपूर. स्वस्तात हवं तर तिथे वायएचए या युवा वसतिगृह संस्थेचं वसतिगृह आहे. लुइस-सीफर्ड मार्गावर साउथीझ स्टेशनाजवळ त्यांचं आणखी एक वसतिगृह आहे, जागा सुरेख, पण या आराखड्यात ते आडबाजूला पडतं. कुठेही बुक करा, फुकट रद्द करण्याची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा. आणि पैसे आधी गोळा करा, बुकिंग नंतर. ‘येतो रे’ म्हणणारे आणि पैसे भरणारे यांची संख्या कधीच जुळत नाही.

सावधान: शुक्रवारी रात्रीच ईस्टबर्नला पोहोचलात तर उत्तम. शनिवारी लंडनहून निघायचं असेल तर सीफर्डला दहाच्या आत पाय टेकले पाहिजेत. अकरानंतर सुरुवात केली तर जेवण आणि बर्लिंग गॅप यांपैकी एक घाईत उरकावं लागेल. मोठ्या बॅगा घेऊन चालता येणार नाही. आदल्या रात्री मुक्कामी गेलात तर तो प्रश्नही मिटतो.

## ४. पाठपिशवीत काय, आणि काय नको

- बूट: घोट्याला आधार देणारे, तळव्याला खाचा असलेले. ओला चुनखडक साबण लावल्यासारखा निसरडा होतो. गुळगुळीत तळव्याच्या पांढऱ्या स्नीकर्सना इथे काम नाही.
- वाऱ्याचं जॅकेट: जुलैमध्येही. छत्री घरी ठेवा, कड्यावर ती वाऱ्याच्या ताब्यात जाते.
- ऊन: वरच्या वाटेवर सावलीच नाही. टोपी वाऱ्याने उडणार नाही अशी.
- पाणी: माणशी दीड लिटर. एक्सीट आणि बर्लिंग गॅपला पुन्हा भरून घ्या.
- नकाशा: ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर ओएल२५. गटात एक तरी कागदी हवा. फोनमधला नकाशा आधीच उतरवून ठेवा.
- पॉवर बँक, शिटी, टॉर्च, मलमपट्टी. फोड येऊ लागला की लगेच पट्टी लावा, फुटायची वाट बघू नका.

खाणं घरचं न्या. धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, गुळपापडीच्या वड्या: गार झालं तरी चालतं आणि सांडत नाही. रस्सा नको, आणि तिथे गरम करण्यासाठी शेगडी तर अजिबात नको. उन्हाळ्यात या टेकड्यांवरचं गवत वाळलेलं असतं, आणि चुलीला, बार्बेक्यूला इथे परवानगी नाही. कचऱ्यासाठी एक मोठी पिशवी कुणातरी एकाच्या नावावर लिहा. ‘सगळ्यांनी आपापला आणायचा’ म्हटलं की प्लास्टिकचे चमचे मागे राहतात.

ब्लूटूथ स्पीकर कुणी आणला तर तो स्टेशनावरच पिशवीत तळाला जाऊ द्या.

## ५. आदल्या संध्याकाळचा निरोप

शुक्रवारी संध्याकाळी मेट ऑफिसचा (ब्रिटनच्या हवामान खात्याचा) अंदाज बघा. पावसापेक्षा वाऱ्याच्या झोतांचा आकडा महत्त्वाचा. झोत ताशी ४० मैलांच्या वर दाखवत असतील तर कडा सोडा आणि एक्सीटची नदीकाठची वाट घ्या. पाऊस चालतो, झोत चालत नाही. धुकंही तितकंच वाईट, कारण कड्याची कड दिसेनाशी होते.

मग ग्रुपवर एकच निरोप टाका, आणि त्यावर चर्चा नको: भेटण्याची जागा व वेळ, गाडीची वेळ, पुढे कोण, मागे कोण, आणि ईस्ट डीनहून ईस्टबर्नला जाणाऱ्या बसच्या वेळा. मागचा माणूस म्हणजे ज्याच्या मागे गटातलं कुणीही असणार नाही असा माणूस. हे काम सगळ्यात दमदार आणि शांत स्वभावाच्या व्यक्तीला द्या. नवख्याला मागे ठेवलं की मागे राहिलेलाच मागचा होतो आणि पुढच्यांना पत्ता लागत नाही.

इथल्या फोनची एक गंमत आहे. कड्यावर कधीकधी समुद्रापलीकडच्या फ्रान्सचं नेटवर्क पकडतं आणि फोनमधलं घड्याळ एक तास पुढे उडी मारतं. ‘बस गेली!’ म्हणून धावपळ करणारे मी पाहिले आहेत. भारतातलं सिम असलेल्या पाहुण्यांना तर खर्चाचाही फटका बसू शकतो, कारण त्यांच्या रोमिंग पॅकमध्ये फ्रान्स असेलच असं नाही. नेटवर्क हाताने निवडून ठेवा, आणि एकाच्या मनगटावर साधं घड्याळ असू द्या.

## ६. शनिवार: सीफर्ड ते बर्लिंग गॅप

स्टेशन ते सीफर्ड हेड. स्टेशनाजवळून पाणी-फळं घ्या आणि समुद्राकडे जा. समुद्र उजव्या हाताला ठेवून पूर्वेकडे चाला. मार्टेलो टॉवर हा जुना गोल बुरूज मागे पडला की चढ लागतो, बाजूला गोल्फचं मैदान असतं. पहिलाच चढ असल्यामुळे पुढची पोरं इथे पळतात. पळू देऊ नका. पहिल्या तासाचा वेग मागच्या माणसाने ठरवायचा.

फोटोची जागा. कॅलेंडरवर असतो तो देखावा, म्हणजे समोर तटरक्षकांची जुनी घरं आणि मागे पांढऱ्या कड्यांची रांग, नदीच्या या पश्चिम बाजूनेच दिसतो. थेट एक्सीटला उतरून पूर्वेच्या काठाने जाणाऱ्यांना तो मिळत नाही, आणि मग ते ‘फोटोत होतं तसं काही नव्हतं’ म्हणत परततात. होप गॅपच्या पुढे उतारावर भरपूर जागा आहे. सगळे फोटो इथे आटपा. पुढे कड्यावर त्यासाठी थांबणं कमी होईल तेवढं बरं.

नदी. गटांची ठरलेली फसगत इथे होते. ककमियर नदीच्या मुखाशी पूल नाही. पलीकडचा कडा हाकेच्या अंतरावर दिसतो, ओहोटीला पाणीही उथळ वाटतं, आणि कुणीतरी बूट काढायला लागतं. तिथे ओढ जोरदार असते, उतरू नका. नदीच्या पश्चिम काठाने आत जा, सुमारे दोन किलोमीटरवर एक्सीटचा पूल आहे. म्हणजे आत जायचं आणि पलीकडून पुन्हा बाहेर यायचं, मिळून तासाहून जास्त. नकाशावर सरळ रेषेत अंतर मोजणाऱ्यांचा हिशेब नेमका इथेच चुकतो. पावसानंतर या काठावर चिखल असतो.

एक्सीट. पुलावर गाड्यांची वर्दळ असते, एका ओळीत जा. पुलाजवळ ककमियर इन आहे. दहा-बारा जण असाल तर टेबल आठवडाभर आधी सांगून ठेवा आणि शाकाहारी किती हेही सांगा. पुढे सेव्हन सिस्टर्स कंट्री पार्कचं केंद्र आहे, तिथे स्वच्छतागृह. बर्लिंग गॅपपर्यंत पुन्हा मिळणार नाही, त्यामुळे ‘मला नाही जायचं’ म्हणणाऱ्यांनाही पाठवा.

तपासा: एक्सीट सोडताना घड्याळ बघा. इथून बर्लिंग गॅपला साधारण अडीच तास लागतात. सूर्यास्ताला साडेतीन तासांपेक्षा कमी उरले असतील, कुणाचा गुडघा बोलत असेल किंवा वारा वाढला असेल, तर इथेच थांबा. केंद्रासमोरून १२ क्रमांकाची बस एका दिशेला सीफर्ड-ब्रायटन आणि दुसऱ्या दिशेला ईस्टबर्नला जाते. उन्हाच्या रविवारी आणि सुट्ट्यांना ती भरून येते, तेव्हा गटाने दोन बसमध्ये विभागून जायची तयारी ठेवा.

सात बहिणी. एक्सीटहून साउथ डाउन्स वे या राष्ट्रीय पायवाटेच्या खुणा धरा. राष्ट्रीय पायवाटांवर ओकच्या फळाचं चिन्ह असतं. पहिला चढ हेवन ब्राऊचा, सगळ्या बहिणींत थोरली तीच, ७७ मीटर. तिथून वेंट हिलपर्यंत नुसता चढ-उतार. कुणी सात मोजतं, कुणी आठ. वाद संध्याकाळसाठी ठेवा. उतारावर पांढरा उघडा खडक टाळून गवतावरून उतरा. प्रत्येक दुसऱ्या माथ्यावर थांबून सगळे आले का ते मोजा, आणि मागचा माणूस पोहोचल्यावर त्यालाही पाच मिनिटं बसू द्या. पुढचे विश्रांती घेऊन ताजे, आणि तो येताच ‘चला’, हा अन्याय जवळपास प्रत्येक गटात होतो.

सावधान: कड्याच्या कडेपासून किमान ५ मीटर आत. वरचं गवत घट्ट दिसतं, पण खालून चुनखडक पोखरलेला असतो आणि कड पोकळ हवेत पुढे आलेली असते. सूचना न देता मोठमोठे तुकडे कोसळतात. कडेला बसून पाय सोडलेला फोटो दुसऱ्या कुणी काढत असेल तरी तुमच्या गटात तो निघणार नाही, हे सकाळीच सांगून टाका. वर कुंपण नाही.

बर्लिंग गॅप. इथे नॅशनल ट्रस्टचा कॅफे, स्वच्छतागृह, आणि किनाऱ्यावर उतरायला जिना आहे. दुरुस्तीसाठी तो कधीकधी बंद असतो. उतरलात तर ओहोटी असतानाच, जिन्याच्या आसपास, आणि कड्याच्या पायथ्याला चिकटून बसू नका. ‘परत खालून किनाऱ्याने जाऊ’ अशी टूम निघाली तर ती तिथेच मोडा. बर्लिंग गॅप ते ककमियरच्या मधे वर यायला वाट नाही, आणि भरती आली की पाणी थेट कड्याला भिडतं.

मग आत वळून ईस्ट डीनला चाला. हिरवळीवर टायगर इन आहे, वरच्या मोठ्या रस्त्यावर बस थांबा. बर्लिंग गॅपहूनही बस सुटते, पण ती सगळे दिवस, सगळे महिने नसते. भरवसा ईस्ट डीनवर ठेवा.

## ७. अडचण आली तर

कड्यावर किंवा किनाऱ्यावर काही झालं तर ९९९ लावा आणि ‘कोस्टगार्ड’ मागा. पडलेल्याला आणायला किंवा कड्यावर अडकलेल्या कुत्र्याला सोडवायला स्वतः उतरू नका. जागा सांगता यावी म्हणून नकाशावरचा ग्रिड संदर्भ वाचायला दोघांना तरी शिकवून ठेवा. आवाज जाण्याइतकी रेंज नसली तरी मजकूर जाऊ शकतो, पण त्यासाठी आधी नोंदणी लागते: ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत टाइप करून ९९९ ला पाठवायचा आणि येणाऱ्या सूचना पाळायच्या. घरीच करा, दोन मिनिटांचं काम.

## ८. रविवार: ईस्ट डीन ते ईस्टबर्न

पाय दुखत असणार, म्हणून दिवस लहान आहे. पण सुस्तावू नका. रविवारी बस कमी आणि उशिरा सुरू होतात, वेळ आदल्या रात्री बघा. ईस्ट डीनहून बर्लिंग गॅपला उतरा, तिथून बेल टूटच्या जुन्या दीपगृहाचा चढ. आता तिथे पाहुण्यांसाठी बी अँड बी (मुक्काम आणि न्याहारीची सोय) आहे, आवारात शिरू नका.

बेल टूट ओलांडलं की पुढे खाली समुद्रातलं लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह दिसतं. ते पाहायचं तर इथूनच, लांबून. बीची हेडच्या माथ्यावर पोहोचल्यावर ते कड्याच्या अगदी पायाशी येतं, आणि नीट दिसावं म्हणून लोक पुढे वाकतात. वाकायचं कारणच उरू नये म्हणून आधी दाखवून टाका.

बीची हेडला पब आणि स्वच्छतागृह आहे. जेवणाचा बेत असेल तर हेही आधी बुक करा. रविवारी दुपारी पबमध्ये रोस्टच्या (भाजलेल्या मांसाच्या) जेवणाची गर्दी असते. त्यानंतर ईस्टबर्नकडचा उतार, शेवटी बराच तीव्र. काठ्या असतील तर आता काढा. चढापेक्षा हाच उतार गुडघ्यांना जास्त लागतो. खाली रस्त्याला लागलात की स्टेशन अजून तीन-एक किलोमीटर आहे, हे गाडीची वेळ ठरवताना धरा. किनाऱ्यालगतचा सपाट रस्ता घ्या, आणि धक्क्याच्या आसपास आत वळा.

तपासा: गाडीत बसण्याआधी पोटऱ्या, गुडघ्यामागचा भाग आणि मोज्यांची कड बघा. या गवतात गोचीड असते आणि तिच्यातून लाइम रोग होऊ शकतो. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने, त्वचेलगत पकडून, न पिळता सरळ वर ओढा. तेल, काडेपेटी वगैरे घरगुती उपाय नकोत. पुढच्या काही आठवड्यांत तिथे गोल पसरणारा लाल चट्टा उठला तर डॉक्टरांना गोचिडीचं सांगून दाखवा.

आणि बस, टेबलांची अनामत, जास्तीचे चहा यांचा हिशेब ईस्टबर्नहून गाडी सुटली की तिथेच मिटवा. क्रॉयडन आलं की मंडळी उतरायला लागतात.